पृथ्वी किती हात?

पौर्णिमेच्या रात्री हात पूर्ण लांब करा आणि करंगळी चंद्रासमोर धरा. चंद्र नखामागे सहज दडतो, वर थोडं नख उरतंच. आकाशात एवढा थोरला वाटणारा चंद्र आपल्या डोळ्यापाशी जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने डोंगरावर उभं राहून साधारण एवढाच, चंद्रबिंबाहून किंचित मोठा कोन मोजला आणि तेवढ्या भांडवलावर सगळ्या पृथ्वीची त्रिज्या काढली. कोन होता 34 कला. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे कला.

हा माणूस म्हणजे शाळेच्या इतिहासात आपल्याला एका ओळीत भेटलेला अल्बेरुनी. गझनीच्या महमुदाबरोबर आलेला, भारतावर पुस्तक लिहिणारा, परीक्षेत 'थोडक्यात टीप लिहा'मध्ये येणारा. इस्लामी संस्कृतीने विज्ञानाला काय दिलं, या विषयावर लिहायचं म्हटलं की सहसा याद्या निघतात: बीजगणित, इस्पितळं, कॅमेरा, साबण, शाम्पू. यादीतलं थोडं खरं असतं, थोडं फुगवलेलं, आणि वाचून हाताला काहीच लागत नाही. त्यापेक्षा हा एकच डोंगर आणि हा एकच कोन नीट पाहू. त्या कोनामागे पाचशे वर्षांचं गणित आहे आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच ओळखीचा आहे.

अबू रैहान अल्बेरुनी 973 मध्ये ख्वारिझम प्रांतातल्या काथ या गावी जन्मला. अरल समुद्राच्या दक्षिणेचा हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. तारुण्यात डोक्यावरचं राज्यच उलथलं, पळावं लागलं, लपावं लागलं, आणि तरीही बाबा ग्रहणं सोडत नव्हता. 24 मे 997 च्या रात्री चंद्रग्रहण होतं. तेविशीतला अल्बेरुनी काथमध्ये आणि अबुल वफा हा वयाने ज्येष्ठ, नावाजलेला गणिती बगदादेत, असे दोघे आधी ठरवून ते पाहत होते.

यातली मेख अशी. सूर्योदय प्रत्येक गावात वेगळ्या वेळी होतो, पण चंद्रग्रहण जिथून दिसतं तिथून ते एकाच क्षणी लागतं, कारण सावली चंद्रावरच पडलेली असते. त्या क्षणी काथमध्ये किती वाजले होते आणि बगदादेत किती, हे ताऱ्यांच्या उंचीवरून काढायचं. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15. दोन गावांच्या वेळांतला फरक कळला की त्यांच्या रेखांशांतला फरक कळला. आजच्या नकाशावर काथ आणि बगदाद यांच्यात साधारण 16 अंश आहेत, म्हणजे तासाहून थोडा जास्त. निरोप पोचायला आठवडेच्या आठवडे लागत, त्या काळात दोन माणसांनी चंद्राचंच घड्याळ करून दोन शहरांमधलं अंतर मोजलं.

गावांच्या अक्षांश-रेखांशांची एवढी निकड का होती? एक कारण अगदी रोजचं होतं. नमाज मक्केच्या दिशेने पढायचा असतो. त्या दिशेला किब्ला म्हणतात. मशीद बांधायची तर ही दिशा आधी ठरवावी लागते. वरवर पाहता सोपं काम, पण पृथ्वी गोल आहे म्हणून फसवं. मोसंब्यावर दोन टाचण्या खोचा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो जिथून जातो ती सगळ्यांत जवळची वाट. सपाट नकाशावर काढलेली सरळ रेघ आणि हा दोरा एका वाटेने जात नाहीत. न्यूयॉर्कहून मक्का अक्षांशाने दक्षिणेला आहे, पण तिथे ताणलेल्या दोऱ्याची सुरुवात ईशान्येकडे होते. हा दोरा कुठल्या कोनात निघतो हे काढायला गोलावरची त्रिकोणमिती लागते, आणि बगदादपासून समरकंदपर्यंतच्या गणितींनी ती शाखा चांगलीच वाढवली. अल्बेरुनीने 1025 मध्ये गझनीत शहरांची स्थानं ठरवण्यावर एक जाडजूड ग्रंथ पूर्ण केला, त्यातही गझनीचा किब्ला हा एक मोठा मुद्दा होता. आपला डोंगर याच ग्रंथात भेटतो.

पृथ्वी मोजायचा प्रयत्न त्याच्या आधीही झाला होता. ग्रीकांनी केला होता. बगदादचा खलिफा मामून यानेही इ.स. 830 च्या आसपास ज्योतिषी, दोऱ्या आणि खुंट्या देऊन एक मोहीम सिंजारच्या माळरानावर पाठवली. सिंजार म्हणजे आजचा उत्तर इराक. पद्धत कष्टाची होती. एका जागी आकाशातल्या ध्रुवाची उंची मोजायची. मग दोरी टाकत, खुंटी ठोकत सरळ उत्तरेला चालायचं, ती उंची बरोबर एक अंशाने वाढेपर्यंत. दुसऱ्या तुकडीने तसंच दक्षिणेला जायचं. जेवढं अंतर चाललं तो पृथ्वीच्या परिघाचा 360वा भाग. उत्तर आलं 56 मैल आणि वर थोडं. पुढे 56 पूर्णांक दोन-तृतीयांश हा आकडा रूढ झाला. हा मैल अरबी, चार हजार हातांचा. आकडा लक्षात ठेवा, शेवटी तो घोटाळा करणार आहे.

अल्बेरुनीला हा खटाटोप स्वतः करून पाहायचा होता. कास्पियन समुद्राजवळच्या दहिस्तानच्या मैदानात त्याने घाट घातलाही, पण प्रदेश अवघड निघाला आणि आश्रय देऊन माणसं पुरवणारं कुणी मिळालं नाही. प्रकल्प बारगळला. मग 1017 मध्ये महमुदाने ख्वारिझम घेतलं आणि तिथल्या विद्वानांबरोबर अल्बेरुनीलाही गझनीला आणलं. पाहुणा की कैदी, हे तुम्हीच ठरवा. गझनीहून महमुदाच्या फौजा पंजाबात उतरत होत्या आणि त्यांच्या मागोमाग हा माणूसही. तिथे मिठाच्या डोंगररांगेत, झेलम नदीच्या उत्तरेला, नंदना नावाचा किल्ला आहे. आज तो पाकिस्तानात आहे. किल्ल्याजवळ उभा डोंगर आणि पुढे दक्षिणेला नजर पोचेल तिथवर सपाट मैदान, समुद्रासारखं. दहिस्तानात हुकलेलं काम इथे, वाळवंट न तुडवता, एका जागी उभं राहून होणार होतं.

पहिलं काम डोंगराची उंची मोजण्याचं. खालच्या मैदानात एका जागेवरून शिखर किती अंशांवर दिसतं ते पाहायचं, मग त्याच रेषेत थोडं मागे जाऊन पुन्हा पाहायचं. देवळाचा कळस जवळून पाहताना मान जास्त वर करावी लागते, लांबून कमी. किती मागे गेल्यावर मान किती खाली आली, एवढ्यावरून कळसाची उंची निघते, देवळाच्या पायथ्यापर्यंत दोरी न नेताही. डोंगराच्या बाबतीत हे फारच सोयीचं, कारण डोंगराचा पायथा म्हणजे नेमका शिखराखालचा बिंदू पोटात दडलेला असतो. उंची आली 652 हातांहून एक कण जास्त.

दुसरं काम माथ्यावर. समोरचं क्षितिज आपल्या डोळ्यांच्या पातळीत असतं असं आपण धरून चालतो. ते तसं नसतं. जितके उंच जाऊ तितकं क्षितिज पातळीच्या थोडं खाली उतरतं, कारण पृथ्वी आपल्यापासून वळून खाली गेलेली असते. हा उतार अल्बेरुनीने मोजला. तोच आपला 34 कलांचा कोन.

आता त्रिकोण डोळ्यांपुढे आणा. पृथ्वीच्या मध्यापासून एक रेघ तुमच्या पायांखालून डोंगरमाथ्यापर्यंत. तिची लांबी त्रिज्या अधिक डोंगर. दुसरी रेघ मध्यापासून क्षितिजावरच्या त्या शेवटच्या दिसणाऱ्या बिंदूपर्यंत. तिची लांबी नुसती त्रिज्या. तुमची नजर त्या बिंदूला चाटून जाते, म्हणून तिथे काटकोन. आणि नजर जेवढी खाली झुकली, तेवढाच कोन पृथ्वीच्या मध्यापाशी या दोन रेघांमध्ये असतो. 34 कलांच्या कोनासाठी लहान रेघ मोठ्या रेघेच्या 0.99995 पट असते. म्हणजे मोठ्या रेघेत जो जास्तीचा तुकडा आहे, तो तिचा साधारण वीसहजारावा भाग. हा तुकडा म्हणजेच डोंगर. डोंगर 652 हात, तर मोठी रेघ 652 गुणिले 20,000. म्हणजे एक कोटी तीस लाख हातांच्या घरात. नेमकं गणित करून अल्बेरुनीला मिळालेलं उत्तर साधारण 1 कोटी 28 लाख हात होतं.

झालं. पृथ्वी मोजून झाली.

ते 0.99995 त्याने कुठून आणलं, ते पाहण्याजोगं आहे. त्यासाठी कोष्टक लागतं: अमुक कोनाला अमुक प्रमाण. ग्रीकांकडे वर्तुळाच्या पूर्ण जीवेची कोष्टकं होती. अर्ध्या जीवेचं कोष्टक करायचं, म्हणजे हिशेब निम्म्याने सुटसुटीत होतो, ही युक्ती भारतीय ज्योतिषांची. आर्यभटाने 499 मध्ये असं कोष्टक दिलं. धनुष्याची दोरी ती ज्या किंवा जीवा, म्हणून वर्तुळाच्या कमानीला ताणलेली रेघही ज्या. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये लिहिलेल्या सिद्धांताच्या परंपरेतला एक ग्रंथ घेऊन 770 च्या दशकात सिंधमधून काही मंडळी बगदादला खलिफा मन्सूरच्या दरबारी गेली आणि त्याचं अरबी रूपांतर झालं. त्या गाठोड्यात ही ज्याही गेली. अरबांनी 'जीवा'चं 'जीब' केलं. अरबीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्या वाचकांनी ते 'जैब' असं वाचलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. हिंदीतली जेब तीच. बाराव्या शतकात स्पेनमध्ये लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा भाषांतरकाराने इमानदारीने घडीसाठीचा लॅटिन शब्द ठेवला, सायनस. त्याचा झाला साइन. कॅल्क्युलेटरवरचं ते बटण म्हणजे दोन भाषांतून उसवत गेलेली धनुष्याची दोरी आहे.

मजा म्हणजे आपण मराठीत वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाला म्हणतो त्रिज्या. त्यातही ज्या बसलेली आहेच. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. एक रास 30 अंशांची, तीन राशी म्हणजे 90, आणि 90 अंशांची ज्या बरोबर वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाएवढी. अल्बेरुनी नंदनावर ज्येची कोष्टकं घेऊन पृथ्वीची त्रिज्या काढत होता, हे वाक्य मराठीत जितकं घट्ट बसतं तितकं इंग्रजीत बसत नाही.

कोष्टक झालं. त्यातून उत्तर काढायची रीत दुसऱ्या एका ख्वारिझमी माणसाची. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझमी हा अल्बेरुनीच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचा. बगदादेत मामूनच्या काळात त्याने 'अल-जब्र' आणि 'अल-मुकाबला' या दोन क्रियांवर पुस्तक लिहिलं. जब्र म्हणजे मोडलेलं जोडणं. हाड बसवण्यालाही तोच शब्द. समीकरणाच्या एका बाजूला काही वजा असेल तर दोन्हीकडे तेवढंच मिळवून ती उणीव भरून काढायची, हा जब्र. दोन्ही बाजूंना सारखी रक्कम असेल तर समोरासमोर उभी करून कापून टाकायची, हा मुकाबला. आपण कुस्तीच्या मुकाबल्याला जातो, गणितात तो असा शांतपणे होतो. त्रिज्या म्हणजे (त्रिज्या अधिक डोंगर) याच्या 0.99995 पट, या वाक्यात त्रिज्या दोन्हीकडे आहे. तिचा मुकाबला केल्याशिवाय उत्तर हाती येत नाही. जब्रवरून अल्जिब्रा आला आणि या माणसाच्या नावावरून अल्गोरिदम, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच्या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांनी भरलेला आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. बायकोला किती, मुलीला किती, भावाला किती, आणि मयताने मधेच कुणाला काही देऊन ठेवलं असेल तर बाकीच्यांचं काय. भाऊबंदकीतून बीजगणित वाढलं, हे तरी आपल्याला परकं वाटू नये.

अंश-कला ही साठांची पद्धत बाबिलोनची. पंचांगातल्या घटी-पळांतही तेच साठ आहेत. हे सगळं ज्यावर लिहिलं गेलं तो कागद चीनचा, आणि आठव्या शतकाच्या अखेरीला बगदादेत तो बनू लागला होता. हिशेब, जमा, बाकी, कागद हे आपले चोपडीतले शब्द अरबी-फारसीच्याच वाटेने आले. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव तर तुघलकाच्या काळापासून हातकागदासाठी ओळखलं जातं.

आता माझा पराक्रम. ही रीत वाचल्यावर मला ती करून बघायची खुमखुमी आली. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती घेतली. एक मीटरच्या लाकडी पट्टीच्या दोन टोकांना नळीची दोन तोंडं उभी बांधली. पाणी दोन्हीकडे आपोआप एका पातळीला येतं. दूरच्या टोकाला मिलिमीटरची पट्टी चिकटवली. कोकणात समुद्रालगतच्या साधारण 100 मीटर उंचीच्या कड्यावर गेलो. जवळच्या पाण्याच्या रेषेवरून दूरच्या पाण्याच्या रेषेकडे एका डोळ्याने बघायचं आणि समुद्राचं क्षितिज दूरच्या रेषेच्या किती खाली दिसतं ते मोजायचं.

क्षितिज खाली दिसतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरंच ओरडलो. इतकी वर्षं समुद्र पाहतोय, तो पातळीच्या खाली आहे हे कधी दिसलं नव्हतं. पण किती खाली? एक मीटर अंतरावर जेमतेम पाच मिलिमीटर. वाऱ्याने नळीतलं पाणी हलतं, पाण्याची कड काचेला थोडी वर चढलेली असते, क्षितिज धुरकट असतं. एकदा चार मिलिमीटर आले, एकदा सहा. चार धरले तर पृथ्वीची त्रिज्या निघते 12,500 किलोमीटर. सहा धरले तर सुमारे 5,550. खरा आकडा 6,371. म्हणजे वाऱ्याची एक झुळूक आली की माझी पृथ्वी निम्म्याहून लहान व्हायची. बरोबर आलेल्या मित्राने वडापाव खाता खाता विचारलं, "मग आज पृथ्वी केवढी?"

या उद्योगानंतर मोबाइलवर फिरणाऱ्या त्या दाव्याकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. दावा असा असतो की अल्बेरुनीने हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची त्रिज्या 99 टक्क्यांहून जास्त अचूक काढली. पुढे किलोमीटरमध्ये आकडाही दिलेला असतो, कधीकधी दशांशचिन्हासकट. मला हा दावा पटत नाही. त्याचं उत्तर हातांमध्ये आहे. हात किती लांबीचा? 49 सेंटिमीटर आणि वर थोडा, असा धरला तर त्रिज्या 6,300 च्या पुढे जाते आणि टाळ्या पडतात. 48 धरला तर 6,150 च्या आसपास. त्या काळात वेगवेगळ्या लांबीचे हात चालत होते, 54 चा धरला तर 6,900. टाळ्या हाताच्या लांबीवर अवलंबून आहेत.

दुसरं म्हणजे त्याचेच दोन आकडे, 652 हात आणि 34 कला, आज कॅल्क्युलेटरवर टाकले तर उत्तर येतं सुमारे 1 कोटी 33 लाख. त्याने वापरलेल्या प्रमाणात दशांशाच्या सहाव्या घरात फरक होता आणि तेवढ्याने उत्तर चार टक्के सरकलं. कोनही तसाच नाजूक आहे. 34 च्या जागी 35 कला मोजल्या असत्या तर पृथ्वी पावणेचारशे किलोमीटरनी आकसली असती. आणि तिसरी अडचण हवेची. डोंगराजवळची हवा खाली दाट, वर विरळ, त्यामुळे दुरून येणारा प्रकाश किंचित वाकतो आणि क्षितिज खरं असतं त्याहून थोडं वर उचललेलं दिसतं. 652 हातांवरून, म्हणजे साधारण सव्वातीनशे मीटरवरून, क्षितिज साठ-पासष्ट किलोमीटर लांब असतं. पंजाबच्या मैदानातल्या धुळीतून तेवढं दूर स्पष्ट पाहणं हीच मोठी गोष्ट. प्रकाश वाकण्याचा अल्बेरुनीने विचार केला नाही. याच वेळी कैरोत इब्न अल-हैथम हा दुसरा बुद्धिमान माणूस नेमका प्रकाशाच्या वाकण्यावर काम करत होता. डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूंकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे प्रयोग मांडून पटवणारा हाच.

म्हणजे रीत बिनचूक, मोजमाप जेमतेम. अल्बेरुनीला मी मोठा मानतो तो रितीसाठी. तीही सर्वस्वी आपली आहे असं तो म्हणत नाही. मामूनबरोबर पूर्व रोमन साम्राज्यावरच्या स्वारीत गेलेल्या सनद इब्न अली या ज्योतिषाने समुद्राकाठच्या उंच डोंगरावरून अशीच मोजणी केली होती, हे तो स्वतःच नोंदवतो.

'इस्लामी विज्ञान' हा शब्द वापरताना मी थोडा अडखळतो, तेही इथेच सांगून टाकतो. यातले सगळेच मुसलमान नव्हते. ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इस्हाक ख्रिस्ती होता, गणिती साबित इब्न कुर्रा हा हर्रानचा साबियन, ताऱ्यांना पुजणाऱ्या पंथातला. बरेच जण अरबही नव्हते. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे अरबी भाषा आणि तिच्यात लिहिलेलं वाचायला स्पेनमधल्या कॉर्दोबापासून गझनीपर्यंत बसलेली माणसं. अल्बेरुनीची मायबोली ख्वारिझमी. म्हातारपणी औषधींवरच्या ग्रंथात तो लिहितो, की माझ्या मायबोलीत शास्त्र लिहायचं म्हणजे काबेच्या पन्हळीवर उंट चढवण्यासारखं विचित्र दिसेल. अरबी आणि फारसी दोन्ही त्याला परक्या, दोन्ही शिकून घेतलेल्या. त्यातही फारसीत स्तुती ऐकण्यापेक्षा अरबीत शिव्या खाणं मला परवडेल, असं म्हणतो. मराठीत विज्ञान लिहिताना हा उंट मला अधूनमधून पन्हळीवर दिसतो.

पंजाबात राहून तो संस्कृतही शिकला, पन्नाशीच्या आसपास. 1030 मध्ये पूर्ण झालेल्या भारतावरच्या ग्रंथात 80 प्रकरणं आहेत. महमुदाने या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, लोक धुळीच्या कणांसारखे उधळले गेले, आणि म्हणून इथल्या विद्या जिंकलेल्या मुलखातून दूर काश्मीर-काशीकडे निघून गेल्या, हे महमुदाच्याच राजधानीत राहिलेला माणूस लिहितो. इथल्या विद्वानांनाही सोडत नाही. भारतीय गणितात मोती आणि शेण एकत्र मिसळलंय, असा त्याचा शेरा आहे. ब्रह्मगुप्तावर त्याचा विशेष जीव, म्हणून रागही विशेष. ग्रहण सावलीने होतं हे पक्कं ठाऊक असताना हा माणूस लोकांची मर्जी राखायला राहूचं डोकं कशाला आणतो, यावर तो चांगलाच करवादलाय. दुसरीकडे युक्लिडची भूमिती तो पंडितांसाठी संस्कृत श्लोकांत उतरवत होता.

त्याच ग्रंथात धारहून दक्षिणेला जाणारी वाट दिली आहे. मरहट्ट देश, मग कोकण, आणि त्याची समुद्राकाठची राजधानी ताना. आपलं ठाणं. तो इथवर आला नव्हता. मुलतान-लाहोरच्या पुढे आपण गेलो नाही, हे तो साफ सांगतो. नंदना मात्र त्याने स्वतः अक्षांश मोजलेल्या ठिकाणांच्या यादीत आहे.

युरोपात जेव्हा अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली, तेव्हा अल्बेरुनीचे ग्रंथ त्यांत आले नाहीत. तिकडे पोचला तो मामूनच्या मोहिमेचा आकडा, एका अंशाला 56 पूर्णांक दोन-तृतीयांश मैल, अल-फरगानी या ज्योतिषाच्या पुस्तकातून. तो कोलंबसाच्या हाती पडला. आकडा चांगला होता, पण मैल अरबी होता, जवळजवळ दोन किलोमीटरचा. कोलंबसाने तो इटालियन मैल धरला, दीड किलोमीटरहूनही छोटा. त्याची पृथ्वी खऱ्याच्या साधारण तीन-चतुर्थांश झाली, पश्चिमेने आशिया अगदी आटोक्यात आला, आणि 1492 मध्ये तो निघाला.

अल्बेरुनीने मात्र शेवटी हाच आकडा पत्करला होता. आपल्या डोंगरावरच्या उत्तरातून अंशाला साधारण 56 मैल निघतात, म्हणजे मामूनच्या ज्योतिषांच्या अगदी जवळ, हे त्याने पाहिलं. मग त्याने लिहून ठेवलं की आपण त्यांचाच आकडा वापरू, कारण त्यांची यंत्रं आपल्यापेक्षा बारीक होती आणि त्यांनी मेहनतही जास्त घेतली होती.